कंगव्याच्या मुठीची सुरी

४ मार्च, सोमवार

एक्स-रेत काही नाही. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडासमोर धरून स्वतः सांगितलं — हाडं शाबूत, आत काच नाही. "काच असती तर दिसली असती." शनिवारी घातलेले टाके ठीक आहेत, गोळ्या चालू ठेवा, पुढचा पेशंट!

मुंगी उजवा हात मांडीवर ठेवून बसली होती. कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू असावी, तसा. दादाच्या कारखान्यातली ही सगळ्यात जुनी बाई. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या कडा खरवडून साफ करते, मग माल पाकिटात भरते. न थांबता, न बोलता. म्हणून मुंगी. नाव दादानेच ठेवलंय आणि ते तिला आवडतं असं त्याला वाटतं.

सोबत बाईमाणूस हवं म्हणून दादाने मला गाडीत घातलं होतं. वाटेत आरशातून तिला म्हणाला, "शनिवारी काच सांगितलंय, आजही काचच. सुरी म्हणालीस की पोलीस. आणि पोलीस आधी काय विचारणार? सुरी हातात कुणाच्या होती!"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशाने कापलं? मुंगीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे बघितलं.

"काच," ती म्हणाली.

काच नव्हती. दादाची नवी प्लॅस्टिकची सुरी होती. घरी येऊन हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. शिसारी काही हातांवर नव्हती.

५ मार्च, मंगळवार

नव्या सुरीचं जाहिरातपत्रक शुक्रवारी छापखान्यात जायला हवं. दादाचा सकाळपासून तिसरा फोन. "तुला काय, डाव्या हातचा मळ!" खरं आहे. उभा जन्म वर्तमानपत्राची पुरवणी वेळेवर सोडण्यात गेला. नोकरी संपली, सवय राहिली. आता दादाची पत्रकं वेळेवर सोडते. कंगवे, साबणदाण्या, दात घासायच्या ब्रशांचे दांडे. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग बाजारात बाहेरून आलेल्या बिनधातूच्या सुऱ्या दिसायला लागल्या. स्वसंरक्षणासाठी, रोज जवळ बाळगायला. दादाने एक आणली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, हे तर आपण झोपेत करू. काचतंतू मिसळलेलं कडक प्लॅस्टिक, काळं, टोकदार. वहिनीने बारसं केलं — 'सोबतीण'. पत्रकात कुठेही सुरी म्हणायचं नाही, अशी मला सक्त ताकीद.

मी लिहिलेलं इथे उतरवते, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही:

"गंज नाही, ओझं नाही, खणखणाट नाही. कोणत्याही यंत्राला चाहूल लागू न देणारी. सोबतीण — तुमच्या पर्समधला निर्धास्तपणा!"

वाक्य चांगलं आहे. हीच त्यातली घाण.

५ मार्च, संध्याकाळ

नमुना घरी होता. टोमॅटोवर चालवला — टोमॅटो चेंगरला. जुनी जीन्स उशीवर ताणून बांधली आणि सगळ्या जोरानिशी भोसकलं. पातं वाकलं, कापडावरून सटकलं, पांढरा ओरखडा राहिला. उशी शाबूत. माझं मनगट दुखतंय!

वहिनीला फोन केला. तिचं उत्तर जसंच्या तसं: "अगं, ती कापायला नाहीये. धीर द्यायला आहे."

म्हणजे अंगावर कुणी आलं तर ही बाईला वाचवणार नाही. पण पळायचं सोडून उभं राहायला मात्र लावेल. असला धीर!

६ मार्च, बुधवार

आज छकुली आली होती. दादाची लेक, कॉलेजात जाते, पण घरात अजून छकुलीच. चहात बिस्किट बुडवून विसरली. बिस्किट तळाला.

शनिवारी काय झालं ते तिने सांगितलं, कारण मोबाइल तिच्या हातात होता. ठोक व्यापाऱ्याला छोटीशी फिल्म हवी होती — बाई चाललीय, गुंड आडवा येतो, बाई सोबतीण काढते, गुंड पळतो. बाई म्हणून मुंगी. गुंड म्हणून दादा स्वतः! "बाबा म्हणाले, भाड्याचा गुंड परवडत नाही." जाड जॅकेट चढवलं, आत उशी बांधली, डोळ्यांवर काळा चष्मा. सगळे हसत होते. मुंगी सगळ्यात जास्त. "मालकांना भोसकायचं, तेही पगारी वेळेत!" असं म्हणाली म्हणे.

दोनदा हळू केलं. तिसऱ्यांदा दादा म्हणाला, "जरा जीव ओतून!"

तिने ओतला. टोक जॅकेटच्या धातूच्या चेनवर बसलं. पातं काड्कन तुटलं आणि हात मुठीवरून पुढे सटकून उरलेल्या खुंटावर गेला. तळहात आणि पहिल्या बोटाचं मूळ.

"पण हात सटकलाच कसा?" मी विचारलं.

"मूठ कंगव्याची आहे ना, आत्या. साचा वाचवायला."

मी नमुना काढून बघितला. खरंच! लांब दांड्याचा कंगवा असतो, त्याचीच मूठ. गुळगुळीत, निमुळती, हात पुढे सरकू नये म्हणून मध्ये कुठे आड नाही. कंगव्याला आड कशाला लागतो? केसांत कुणी भोसकत नाही. नवा साचा महाग, म्हणून दादाने जुन्या मुठीपुढे पातं चिकटवलं. मी त्याच मुठीवर एक ओळ लिहिली होती — "हाताला ओळखीची वाटणारी पकड."

७ मार्च, गुरुवार

मुंगीला ताप. निरोप तिच्या सासूने दिला, फोन आदळला.

८ मार्च, शुक्रवार

पत्रक छापखान्यात पाठवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा वेळ चुकवली, आणि जिना उतरताना पाय हलके वाटले.

मुंगीच्या घरी गेले. एक खोली, खिडकीत शिलाई यंत्र, नवरा शिंपी. तो कामावरून उठला नाही, पाय तेवढा थांबवला. सासूने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "या. मालकाची बहीण ना? नाटकात काम केलं की नटीला बिदागी मिळते म्हणतात. आमच्या नटीला ताप मिळाला."

"आई, गप की," मुंगी म्हणाली.

"मी गप. तुझा हात बोलतोय तेवढं पुरे."

हात खरंच बोलत होता. तळवा फुगून चकचकीत, बोट अर्धवट वाकलेलं. पट्टीला वास. मी नाकाला पदर लावला आणि लगेच लाजून काढला.

"ताई, आत काहीतरी कचकचतं," ती म्हणाली. "बोट मिटलं की. खडा असल्यासारखं."

"पण एक्स-रेत काही नव्हतं ना?"

"काच नव्हती," यंत्रामागून शिंपी म्हणाला. "काच लागलीच नव्हती, तर दिसेल कशी?"

एवढंच बोलला आणि पुन्हा पाय चालू केला. मी तिथे बसून स्वतःचीच ओळ आठवली. कोणत्याही यंत्राला चाहूल लागू न देणारी. लागली नाही चाहूल! प्लॅस्टिकचा तुकडा तळहातात बसलाय आणि डॉक्टरीणबाई काच शोधतायत, कारण आम्ही त्यांना काच शोधायला सांगितलं. मी तेव्हा लसीचा तक्ता वाचत होते.

मुंगीला विचारलं, डॉक्टरांना खरं सांगायचं का? तिने सुजलेला हात पुढे केला.

"ह्या हातानेच खाते ताई. कडा डाव्या हाताने निघत नाहीत. बोट गेलं तर मी गेले. पण खरं सांगितलं तर नोकरी जाते. तुम्हीच सांगा, काय वाचवू?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. जगातल्या बायकांना निर्धास्त करणारी मी!

९ मार्च, शनिवार

दादाकडे गेले. पत्रक का नाही, हा पहिला प्रश्न. मुंगीचा हात कसा आहे, हा प्रश्न आलाच नाही, मीच सांगितलं. तो टेबलावरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "हे बघ आधी."

पत्रकाच्या पहिल्या पानाचं छायाचित्र. मुंगी! फिल्म सुरू व्हायच्या आधी काढलेलं. हातात सोबतीण, चेहऱ्यावर मनापासूनचं हसू. खाली जागा कोरी.

"इथे तिची खरी गोष्ट टाक. रात्री एकटी जात होती, गुंड आला, सोबतीणने वाचवलं. तिच्याच तोंडची भाषा वाटली पाहिजे."

"दादा, ती सुरी तिच्या हातात तुटली."

"मग? चालवायची पद्धत चुकली तिची."

"तू म्हणालास, जीव ओतून!"

"अगं, म्हणतात तसं."

तुकडा आत राहिला असेल, पुन्हा तपासायला हवं, खरं सांगायला हवं — सगळं बोलले. तो नखं बघत ऐकत होता. लहानपणी माझी बाहुली मोडल्यावरही असाच बघायचा. शेवटी म्हणाला, "तुला डॉक्टर कधीपासून केलं? व्यापाऱ्याचा माल पंधरवड्यात द्यायचाय. तू शब्दांची माणूस. शब्द दे. मतं तुझ्याकडे ठेव." आणि मग, मोठ्या मनाने: "तिला एक सोबतीण फुकट देऊ. दोन देऊ!"

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. "घरातलं घरात राहू दे गं," एवढंच म्हणाली.

चहा तसाच ठेवून आले. त्या कपाला ओठ लावायची किळस आली. आणि कप तरी कुठले — दिवाणखान्यातले, पाहुण्यांसाठीचे. बहिणीलाही गिऱ्हाईक समजून बाहेर काढले होते!

१० मार्च, रविवार

छकुली फिल्म घेऊन आली. दादाने तिला पुसून टाकायला सांगितलंय. तिने आधी मला पाठवली, मग त्याच्यासमोर पुसली. "मी बाबांचं ऐकलं," म्हणाली आणि रडायला लागली.

आम्ही ती पुन्हा पुन्हा बघितली, थांबवत, मागे नेत. हसणं ऐकू येतं. वहिनीचा आवाज, "अहो, पोट आत घ्या!" मग तो आवाज, पेन मोडल्यासारखा. मुंगी ओरडत नाही. हाताकडे बघते आणि म्हणते, "अय्या." दादा चष्मा वर करतो आणि आधी खाली वाकून तुकडे गोळा करतो. आधी तुकडे!

"तुकडे कुठे आहेत?"

"दळणात टाकले लगेच. तुटका माल दळून परत वितळवतात ना."

म्हणजे मुंगीच्या हातात मोडलेली सुरी एव्हाना दुसरी कुणाची तरी सुरी झाली असेल.

पण फिल्ममध्ये तुकडे दादाच्या तळहातावर स्पष्ट दिसतात. एक टोक, एक मधला. आम्ही घरातला नमुना पडद्याशेजारी धरून बघितला. टोक आणि मधला भाग जुळतो. मुठीजवळ नखाएवढी जागा राहते. तो तुकडा दादाच्या हातावर नाही, जमिनीवर नाही, मुठीवर नाही.

छकुलीने नमुना टेबलावर टाकला आणि हात ओढणीला पुसले. "आत्या, माझ्या पर्समध्ये पण आहे एक. मी तिने सफरचंदावरची स्टिकरं काढते."

११ मार्च, सोमवार

सकाळी मुंगीकडे. म्हटलं, काय वाचवायचं ते तूच ठरव. सांगायचं ठरलं तर मी बोलेन. तिने सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "नोकऱ्या पन्नास मिळतील. हात देव दोनच देतो, आणि बदलून देत नाही." मुंगी उठली.

दवाखान्यात मी टेबलावर नमुना ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो उचलला, वाकवून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"काच म्हणालात."

"हो."

"अहो, काच म्हणालात म्हणून मी काच शोधली! हे एक्स-रेत दिसत नाही. आठवडा गेला!"

मी चूक झाली म्हटलं. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही आणि बरोबर केलं. त्या मुंगीशी बोलायला लागल्या.

दुपारी सोनोग्राफी. पडद्यावर करड्या धुरकट ढगांत एक बारीक पांढरी रेघ. तपासणाऱ्या डॉक्टरांनी नक्की सांगितलं — बाहेरची वस्तू आहे, बोट वाकवणाऱ्या दोरीला टेकली आहे, भोवती पू. मुंगी मान वर करून बघत होती. "एवढीशीच?" म्हणाली.

शस्त्रक्रिया करावी लागेल. बोट पूर्वीसारखं मिटेल का, ते उघडल्यावर कळेल. जखम सुरीची असल्यामुळे पोलिसांना कळवणं त्यांना भाग आहे. आणि कामावर झालेला अपघात असेल तर मालकाने तसं लिहून द्यावं लागतं. मग उपचार आणि रजेचा पगार कामगार विम्यातून मिळतो. नाही दिलं, तर ती एक बाई, एक सुरी, आणि पोलिसांनी काय समजायचं ते समजावं.

बाहेरच्या बाकावर मुंगी म्हणाली, "मालक लिहून देतील?"

"देईल," मी म्हटलं. स्वतःच्या भावाबद्दल एवढी खात्री मी शेवटची कधी दिली होती कुणास ठाऊक.

१२ मार्च, मंगळवार

नाही दिलं.

शब्द जसेच्या तसे: "शनिवारी कारखाना बंद होता. ती आलीच नव्हती. घरी काय केलं तिने, मला काय माहीत? नवरा शिंपी आहे, घरात धारदार वस्तू असणारच."

शिंप्यावर! कात्रीची रेघ न चुकवणारा तो माणूस, यंत्रामागे बसून पाय तेवढा थांबवणारा, त्याच्यावर ढकलून मोकळा झाला. मी फिल्मबद्दल बोलले नाही. बोलले असते तर छकुलीचं नाव आलं असतं. इतकी वर्षं ज्याच्या ताटातलं मीठ चाखलं, तो माणूस फोनवर व्यापाऱ्याला सांगत होता, "हो हो, महिलांच्या सुरक्षिततेसाठीच तर करतोय हे!"

मी निघाले तेव्हा पॅकिंगच्या खोलीत मुंगीच्या जागेवर नवी बाई बसली होती. समोर कंगव्याच्या मुठीच्या सुऱ्यांचा ढीग. तिने मला नमस्कार केला. हात साफ होते अजून.

तिला म्हटलं, "बाई, ही धरताना मुठीच्या मागच्या टोकाला धरा." एवढंच म्हणता आलं. सांगून मिळालं काय? तिने पुढेच धरली. पुढे धरल्याशिवाय कडा निघत नाहीत.

१३ मार्च, बुधवार

शस्त्रक्रिया परवा सकाळी. मुंगीचा ताप खाली. सासूने मला शेवटी बसायला पाट दिला.

शिंप्याला पोलिसांनी एकदा बोलावून घेतलं. रात्री परत आला आणि अर्धवट राहिलेल्या सदऱ्याला गुंड्या लावत बसला. मुंगी म्हणाली, "ह्यांना विचारलं, बायकोला मारता का." आणि हसली. ते हसू पत्रकावरच्यासारखं नव्हतं.

पत्रकाचा मजकूर फाडला. दादाकडे दुसरी प्रत आहेच. फाडल्याने काही होत नाही, हे जिने आयुष्यभर छापलं तिला सांगायला नको.

१४ मार्च, गुरुवार

कारखान्याचा मालक दादा नाही. हवालदाराने आज दुपारी फोनवर कारखान्याच्या नोंदणीचा कागद वाचून सांगितलं — मालक मी आहे. "बाई, तुमचंच नाव आहे. महिला उद्योजक. सरकारी सवलतीत घेतलेला दिसतोय." आई गेल्यावर दादाने सह्यांना कागद आणले होते, 'तुझा वाटा' म्हणाला होता. लोकांची प्रुफं वाचणारी मी, तेवढे कागद न वाचता सह्या करून मोकळी झाले!

म्हणजे सुऱ्या माझ्या. कंगव्याची मूठ माझी. मुंगीचा हात माझ्या कारखान्यात कापला. पण मालकाने लिहून द्यायचं असतं, आणि आता ते दादाला विचारावं लागणार नाही.

उद्या सकाळी मुंगीला आत नेतील. तिथून मी थेट पोलीस ठाण्यात जाणार, फिल्म घेऊन. शनिवारी कारखाना चालू होता, असं मालक म्हणून सही करून देणार. मग कारखान्यात जाऊन यंत्रं बंद करायला सांगणार. दादा विचारेल, तू कोण सांगणारी?